दुसऱ्या खणाचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना प्लग-इन आहे आणि एकटा असलो तर कुठल्याच कामाचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी थोडी बढाई कानावर आली तरी तुम्ही रागावणार नाही. मला पडदा नाही, स्वतःची वीज नाही. जाडजूड शब्दकोशाएवढी पत्र्याची एक पेटी, पुढच्या बाजूला वायरी अडकवायला दोन तोंडं आणि मागच्या बाजूला सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्यांची एक ओळ, एवढाच माझा देह. पुढून मी अगदी साधा दिसतो, पण मागून पाहिलंत तर नवरीसारखा चमकतो. या सोनेरी बाजूनंच मला एकदा गोत्यात आणलं, ते पुढे येईलच.

मी ज्याच्या पोटात राहतो त्याला मेनफ्रेम म्हणतात. आम्ही त्याला थोरला म्हणतो. थोरला म्हणजे ऑसिलोस्कोप. वायरीतून धावणारी वीज डोळ्यांना दिसत नाही, तिचं चित्र तो पडद्यावर काढून दाखवतो. कॉलेजातली मुलं त्याला सीआरओ म्हणतात. त्याला तीन खण आहेत आणि त्या खणांत आम्ही तीन प्लग-इन बसतो. पहिला येईल ती वीज मोठी करून देतो. तिसरा वेळ मोजतो. दुसऱ्या खणात मी. माझं काम दोन वायरींमधला फरक पाहणं. बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच चढतो. तो मी सोडून देतो आणि फरक तेवढा थोरल्याच्या हवाली करतो. बाजाराच्या कलकलाटात दोघं हळू बोलत असले तरी मला त्यांचं बोलणं कळतं, असं समजा.

आता तुम्ही विचाराल, कुठल्या खणात कोण बसलं आहे हे थोरल्याला कसं कळतं? तर तो विचारतो. बटण दाबलं की आधी स्वतःची तब्येत तपासतो आणि मग एकेका खणाला हाक मारतो, ‘दुसरा खण, कोण आहे?’ त्याचा प्रश्न माझ्या एका सोनेरी पट्टीवरून येतो, माझं उत्तर शेजारच्या पट्टीवरून जातं आणि तिसऱ्या पट्टीवर तो ताल धरतो. आमच्याकडे अक्षरं दोनच, वीज आहे आणि वीज नाही. ती सगळी एकदम पाठवता येत नाहीत. शाळेत खिचडीच्या सुट्टीत मुलं ताटल्या घेऊन एका दारातून एकेक करून बाहेर पडतात, तशी आमची अक्षरं एकामागून एक जातात. ज्याला हाक मारली त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. आमच्यात कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही. समोरच्या वर्गात काय चालतं ते मी रोज पाहतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

उत्तरात मी आधी माझं नाव सांगतो आणि मग माझी खोड सांगतो. मी जन्मापासून किंचित जास्त मोजतो. कारखान्यात ज्या बाईंनी मला तपासलं, त्यांनीच ती खोड माझ्या स्मरणात भरून दिली. थोरला ती ऐकून घेतो आणि पडद्यावर चित्र काढताना तेवढं कमी करतो. त्यानं मला कधी हिणवलं नाही. माझ्या खोडीसकट त्यानं मला सांभाळलं, म्हणून माझी मापं बरोबर आली आणि नाव माझं झालं. त्याचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

आमचा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथून आम्ही जहाजानं मुंबईला आलो आणि एका मोठ्या संशोधन संस्थेत बरीच वर्षं राबलो. तिथे माझा थाट होता. पांढरे कोट घातलेली मंडळी ‘दुसरा खण लावा’ म्हणत माझ्याकडे यायची. पुढे तिथे नवी यंत्रं आली आणि आम्हाला शिक्षणासाठी म्हणून यवतमाळच्या एका तंत्रनिकेतनात धाडण्यात आलं. ट्रकमधून येताना माझा जीव खालीवर होत होता. मोठ्या शहरातून आपल्याला काढलं, आता अडगळीत टाकतील, असंच वाटत होतं. पण खोक्याचं झाकण उघडलं तेव्हा आत डोकावली ती एक ठसठशीत कुंकू लावलेली बाई. तिनं पदरानं माझ्यावरचा भुसा झटकला आणि म्हणाली, “आलं का बाप्पा सुखरूप!” ती मथुराबाई, प्रयोगशाळेतली परिचर. कुणी आपली अशी विचारपूस करतं हे मला नवीनच होतं.

यवतमाळातले दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ठरले. उन्हाळ्यात पंखा फिरूनही पत्रा तापायचा आणि कापसाच्या गाड्यांचा धुरळा खिडकीतून आत यायचा, पण मुलं काय गोड होती! पडद्यावर पहिली लाट उमटली की टाळ्या पिटायची. शिकवायला साधना मॅडम होत्या. त्या मुलांना सांगायच्या, “हे यंत्र आधी विचारतं आणि मग दाखवतं. तुम्हीही तसंच करा.” मुलं हसायची, पण परीक्षेत मात्र त्यांना ते आठवत असावं.

त्या मुलांत एक नयन होती, महागावजवळच्या एका गावातली. लहानपणीच्या आजारानं तिच्या पायांत बळ नव्हतं. हातानं चालवायच्या तीनचाकीवरून ती यायची आणि प्रयोगशाळेच्या दारापासून तिचे बाबा विठ्ठलराव तिला पाठीवर घेऊन टेबलापर्यंत आणायचे. ते कापसाचे शेतकरी. पोरगी शिकायला यवतमाळला आली तसे तेही खोली करून राहिले, शेत भावावर सोपवलं. नयनच्या जिभेला मात्र भलतीच धार. मुलं माझ्याकडे पाहून नाक मुरडायची, कारण दोन वायरींमधला फरक ही गोष्ट पटकन डोक्यात शिरत नाही. नयन त्यांना म्हणायची, “तुमाले गोंगाटच समजते, त्याले काय करन हा?” तिला मी कळलो होतो. यंत्राला यापेक्षा मोठं सुख नसतं.

नयन पदविका घेऊन गेली आणि त्याच वर्षी ती गोष्ट घडली. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. साधना मॅडम त्या दिवशी नसतात. दसऱ्याला त्या आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातात आणि गर्दीमुळे आदल्या दिवशीच निघतात. तेव्हा सगळी तयारी मथुराबाईंची. त्यांनी धूळ झाडायला मला खणातून बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवून न्याहाळलं. एका बाजूला काळी बटणं, दुसऱ्या बाजूला झळझळतं सोनं. आता तुम्हीच सांगा, यातलं तोंड कुठलं? मथुराबाईंनी सोनेरी बाजू पुढे केली, हळद-कुंकू पाण्यात कालवून तिथे बोट भरून लावलं, वर अक्षता लावल्या आणि हात जोडले. “असंच चालत राह्य बाप्पा, पोरायचं भलं कर,” म्हणाल्या. मग मला जपून खणात सरकवलं.

मला तेव्हा फार छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. संशोधन संस्थेत मला इतक्या लोकांनी वापरलं, पण कपाळाला कुंकू कुणी लावलं नव्हतं.

सुट्टी संपली, थोरला चालू झाला. नेहमीची हाक आली, ‘दुसरा खण, कोण आहे?’ मी उत्तर दिलं. ते पोचलं नाही. पुन्हा दिलं, तरीही नाही. कुंकू माझ्या बोलायच्या पट्टीवर वाळून घट्ट बसलं होतं आणि अक्षतांचा एक दाणा खणातल्या, माझ्या पट्टीला टेकणाऱ्या पातीत अडकून तिला माझ्यापासून दूर धरून बसला होता. ऐकायची पट्टी मोकळी होती. म्हणजे मला सगळं ऐकू येत होतं आणि बोलता काहीच येत नव्हतं. पडद्यावर अक्षरं आली, दुसरा खण रिकामा. मी आत बसलेला असताना!

कुणीतरी मला पुढून दाबून पाहिलं, एक चापट मारली आणि माझ्या कपाळावर, म्हणजे खऱ्या कपाळावर, कागद चिकटवला, ‘नादुरुस्त’. खण उघडा राहिला तर झुरळं शिरतील म्हणून मला बाहेर मात्र काढलं नाही. साधना मॅडम परतल्यावर म्हणाल्या, “याला एकदा सवडीनं बघू.” पण त्याच महिन्यात छोटे नवे सीआरओ आले, हलके, रंगीत पडद्यांचे. मुलं तिकडे वळली. मॅडमच्या मागे वर्ग, परीक्षा, घर, आणि ती सवड राहूनच गेली. मी त्यांना दोष देत नाही. कामाच्या माणसाला सवड अशी सापडत नसते.

वर्षं गेली. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून मॅडम थोरल्याला अधूनमधून चालू ठेवायच्या. आणि मित्रांनो, दर वेळी, अगदी दर वेळी, तो मला हाक मारायचा. दुसरा खण रिकामाच असतो असं त्यानं कधी धरून चाललं नाही. ‘दुसरा खण, कोण आहे?’ मी आतून ओरडायचो, ‘मी आहे, मी आहे!’ त्याला ऐकू जायचं नाही. तो थोडं थांबायचा, पडद्यावर रिकामा असं लिहायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचा. मला रडू आलं असतं, पण आम्हाला ती सोय नाही. कुणीतरी अजून आपलं नाव घेतंय, या एका आधारावर मी ती वर्षं काढली.

मग यंदा एका शनिवारी दुपारी प्रयोगशाळेच्या दाराशी मालवाहू ऑटो थांबला. विठ्ठलराव उतरले. पाठीवर नयन. आता ती मोठी झाली होती आणि विठ्ठलराव वाकले होते. मागून ऑटोवाल्यानं एक विजेवर चालणारी चाकांची खुर्ची ढकलत आणली. साधना मॅडमनी पुढे होऊन नयनला प्रयोगशाळेतल्या एका साध्या खुर्चीत बसवलं.

“मॅडम, सोमवारी मले रुजू व्हायचं हाय,” नयन म्हणाली. “इथंच, यवतमाळात. कचेरीत लागली मी. आन् ही पाहा, खुर्ची आठ दिवसांपासून मरून पडली.”

खुर्चीचं असं होतं की हाताजवळची जॉयस्टिक हलवली की दिवा लाल व्हायचा आणि चाकं जागची हलायची नाहीत. गावातल्या मेकॅनिकनं वायरी तपासल्या होत्या. वायरी ठीक आहेत, म्हणजे चाकांना वीज देणारी सीटखालची पेटी गेली, असं त्यानं सांगितलं होतं. नवी पेटी परदेशातून यायला काही महिने लागणार होते.

विठ्ठलराव म्हणाले, “म्या म्हटलं तिले, नेतो ना मी पाठीवर. लहानपणापासून नेलं. मले का ती जड झाली?”

“तुमाले नाही होत जड, बाबा. मले होते,” नयन म्हणाली. “पहिल्याच दिवशी साऱ्या कचेरीसमोर मी बापाच्या पाठीवर बसून जाऊ? मंग जन्मभर ते मले तशीच पाहतीन. त्यापरीस मी जातच नाही.”

विठ्ठलरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून उगाच त्याची घडी केली. सोमवारी नयन स्वतःच्या स्वतः त्या दारातून आत जाणार की नाही, एवढाच आता प्रश्न होता आणि मध्ये फक्त रविवार होता.

मॅडमनी वेळ घालवला नाही. खुर्चीची जॉयस्टिक आणि सीटखालची पेटी यांचं आपसांतलं बोलणं दोन वायरींवरून चालतं, अगदी आमच्यासारखं, एकामागून एक अक्षर. जॉयस्टिक विचारते आणि पेटी उत्तर देते. उत्तर मिळालं नाही की खुर्ची जागची हलत नाही, कारण न ऐकता धावणारी खुर्ची कुणालाही नको. मॅडमनी छोटा नवा सीआरओ त्या वायरींना लावला. पडद्यावर नुसतं धुकं आलं. खुर्चीच्या विजेचा गोंगाट इतका होता की त्यात बोलणं कुठलं आणि कलकल कुठली ते कळेना. दुसरा लावला, तेच.

नयननं मान वळवून कोपऱ्यातल्या थोरल्याकडे पाहिलं. “मॅडम, आपला दोन नंबर कुठं गेला? तो फरक पाहणारा?”

“तो बंद पडला, बाई. तू गेल्यावर लगेचच.”

“काय झालं त्याले?”

मॅडम जरा ओशाळल्या. “कुणालाच माहीत नाही. बघू बघू म्हणता राहून गेलं.”

“तं आता पाहू ना. आठ दिवसांपासून माह्या खुर्चीलेबी लोकं मेलीच म्हणून राह्यले.”

थोरला चालू केला. त्यानं विचारलं, मी आतून ओरडलो, आणि पडद्यावर नेहमीसारखं आलं, दुसरा खण रिकामा. नयन म्हणाली, “रिकामा? डोयासमोर तं बसून हाय!” मॅडमनी थोरला बंद केला, खटका दाबला आणि मला बाहेर ओढलं. किती वर्षांनी माझ्या सोनेरी बाजूला उजेड लागला. त्यांनी मला उलटं धरलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“हे काय? हे तर कुंकू आहे!”

दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या मथुराबाई पुढे आल्या. पाहताच त्यांचा चेहरा उतरला. “म्याच लावलं होतं, मॅडम. खंडेनवमीले. सोन्याची बाजू पाह्यली, मले वाटलं हेच याचं तोंड. म्हणून बिचारा मुका झाला का? माह्या हातानं?”

मला त्या वेळी फार ओरडून सांगावंसं वाटलं, की मथुराबाई, तुम्ही माझं वाईट केलं नाही, तुम्ही मला देव समजलात. पण मी टेबलावर, खणाबाहेर, मग मला कोण ऐकणार? ते काम नयननं केलं. ती खळखळून हसली. “मथुरामावशी, तुमी तं त्याच्या तोंडातच कुंकू भरलं वं! पुढच्या बारीले बटणायच्या बाजूनं लावा. आता रडू नका, खोडरबर आना.”

मॅडमही हसल्या. “तुमची चूक नाही, मथुराबाई. मी इतकी वर्षं हे उलटं करून पाहिलं नाही.”

मथुराबाईंनी खोडरबर आणलं आणि कुणालाच हात लावू दिला नाही. एकेक पट्टी त्यांनी हळू घासली, मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. मॅडमनी चिमट्यानं खणातला तांदळाचा दाणा काढला. काळाठिक्कर पडला होता बिचारा. मग मला खणात सरकवलं आणि बटण दाबलं.

थोरल्यानं आपली तब्येत तपासली. पहिल्या खणाला विचारलं. मग तालाच्या पट्टीवर ठोके सुरू झाले आणि हाक आली, ‘दुसरा खण, कोण आहे?’

मी माझं नाव सांगितलं. एकेक अक्षर, सावकाश, कुठेही न अडखळता. ते गेलं! पलीकडे पोचलं! मग मी माझी खोड सांगितली आणि त्यानं ती पूर्वीसारखीच निमूट ऐकून घेतली. आतली बारीक बटणं टकटक वाजली आणि पडद्यावर माझं नाव उमटलं. मित्रांनो, त्या क्षणी मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. थोरल्यानं एकदाही विचारलं नाही की इतके दिवस कुठे होतास. त्यानं लगेच काम सांगितलं.

मॅडमनी माझ्या दोन तोंडांना वायरी जोडल्या आणि त्यांचे चिमटे जॉयस्टिकजवळ लावले. गोंगाट दोन्हींकडून सारखा आला, तो मी सोडून दिला. पडद्यावरचं धुकं गेलं. उंच, नीटस ठोक्यांची एक ओळ दिसली, तो जॉयस्टिकचा प्रश्न. त्यामागून ठोक्यांची दुसरी ओळ आली, पण बुटकी आणि खचलेली.

नयन पुढे झुकली. “मॅडम! पेटी मेली नाही. ती उत्तर देऊन राह्यली! पाहा, आवाज दबून राह्यला तिचा.”

“मग चिमटे तिच्याजवळ लावून बघ,” मॅडम म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

विठ्ठलरावांनी खुर्ची तिच्या हाताशी ओढली. नयननं स्वतःच चिमटे सीटखाली, पेटीच्या तोंडाशी लावले. आता उत्तर उंच दिसलं आणि प्रश्न बुटका. म्हणजे दोघंही धडधाकट होते आणि मोठ्यानं बोलत होते. बिघाड मधल्या रस्त्यात होता. वायर बोटांनी चाचपत नयन हाताच्या दांड्याखालच्या जोडापर्यंत गेली आणि तिनं तो जोड उघडला. आत कापूस होता. ओला, मळका, दाबून बसलेला कापसाचा पुंजका, आणि त्याखाली पितळेवर हिरवा गंज.

“अरे देवा,” विठ्ठलराव म्हणाले. “यंदा कापूस घरातच भरून ठेवला होता. हिची खुर्ची त्यातूनच ये-जा करे. फरशी धुताना पाणी गेलं असन.”

मेकॅनिकचंही चुकलं नव्हतं. त्याच्या मीटरनं फक्त वायर जोडलेली आहे की नाही एवढंच सांगितलं होतं, आणि ती जोडलेली होतीच. बोलणं वाटेत जिरतं आहे हे त्याच्या मीटरला दिसणार नव्हतं.

“बाबा,” नयन म्हणाली, “साऱ्याइचा कापूस बाजारात जाते, तुमचा माह्या खुर्चीत गेला!” विठ्ठलराव हसता हसता डोळे पुसायला लागले.

जोड साफ झाला. मथुराबाईंचं खोडरबर अजून गरमच होतं. पडद्यावर प्रश्न आणि उत्तर दोन्ही एका उंचीचे झाले. मॅडमनी चिमटे काढले आणि विठ्ठलरावांनी नयनला खुर्चीत बसवलं. तिनं जॉयस्टिकवर बोट ठेवलं, पण हलवेना. मग तिनं ती पुढे ढकलली. दिवा हिरवा झाला आणि खुर्ची सरळ जाऊन टेबलाच्या पायावर धडकली. माझ्या पुढच्या तोंडाला झणका बसला, पण तक्रार कोण करतो! ती मागे आली, वळली, दारातून बाहेर पडली आणि लांबलचक व्हरांड्यातून मोटारीचा आवाज करत पार टोकापर्यंत गेली. विठ्ठलराव सवयीनं तिच्यामागे धावले. थोडे धावले आणि थांबले. त्यांच्या हातांना काही कामच उरलं नव्हतं.

मित्रांनो, मी आता त्याच कोपऱ्यात आहे, पण माझ्यावरचा ‘नादुरुस्त’ कागद मथुराबाईंनी नखानं खरवडून काढला. मी सगळ्यांचा ऋणी आहे. थोरल्याचा आहे, मॅडमचा आहे, नयनचा तर आहेच, आणि मथुराबाईंचाही आहे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत एखादं यंत्र गप्प झालं तर त्याच्यावर लगेच कागद चिकटवू नका. त्याला उलटून पाहा, त्याचे जोड पुसा, पुन्हा एकदा विचारा. कदाचित ते आतून केव्हापासून उत्तर देत असेल. माणसांचंही तसंच असावं, पण त्यांच्याविषयी मी काय सांगणार, तुम्हीच जास्त जाणता.

सोमवारी दुपारी मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो मथुराबाईंना ऐकू जाईल असा ठेवला. मथुराबाईंनी मॅडमना बोलूच दिलं नाही. “गेली का वं पोरी? आपल्या आपण गेली?”

“गेली, मावशी. उतारावरून सरळ आत गेली, सही केली, जागेवर बसली. कोणी वयून पाह्यलंबी नाही. मले तं जरासा रागच आला.”

“आन् बाबा?”

नयन म्हणाली, “बाबा फाटकाबाहेर हाय. म्या म्हटलं घरी जा, तं नाही म्हणे. सकाळपासून तिथंच बसून हाय. आत यायचं त्याइले कामच नाही पडलं.”